गळ्याची शपथ

"मैनाबायच्या अंगात वारं आलंय," असं साखरबाई आळीभर सांगत गेली, आणि हेमालीने चुलीवरचा टोप उतरवून हात पुसेपर्यंत ओटीवर बायकांची दाटी झालीसुद्धा. कुणी नारळ आणला, कुणी हळदीकुंकवाचं तबक आणलं, कुणी न्हालेले केस ओलेच मोकळे टाकून धावत आली. मुरबे गावात मैनाबाई म्हणजे कुणी साधी बाई नव्हे, धवलारीण. लग्नाचे विधी धवले गाऊन लावणारी बाई. तिने सूर धरल्याशिवाय ह्या आळीत कुणाला हळद लागली नव्हती. महिन्याभरावर सख्ख्या नातीचं, पूर्वीचं लग्न आलेलं, आणि नेमक्या अशा वेळी देवीने आजीच्या अंगात यावं... याहून शुभ शकुन तो कोणता, असं बायकांनी ठरवूनच टाकलं.

पूर्वीची आई भाग्यश्री, म्हणजे मैनाबाईंची थोरली लेक, लग्नाचं ठरवायला सकाळीच केळव्याहून आली होती. तिने आईच्या कपाळाला मळवट भरला, मांडीवर ओटी घातली आणि पाटापुढे गुडघे टेकून हात जोडले.

"आये, माज्या पूर्वीचं निभेल ना गो सगळं? कुनाची नजर नाय ना लागायची?"

प्लास्टरमधला उजवा हात पोटाशी धरून मैनाबाई थडथडत होत्या. घामाने चोळी अंगाला चिकटली होती, दातांवर दात आपटत होते, डोळ्यांतल्या काळ्या बाहुल्या भर दुपारीही पसरलेल्या होत्या.

हेमाली दारातच थबकली. वारं तिने लहानपणापासून पाहिलं होतं. वाऱ्यात बाई घुमते, केस सुटतात, आवाज चढतो. इथे आवाज नव्हताच. इथे नुसती पावलं उडत होती, दोन्ही पावलं घोट्यातून आपोआप जमिनीवर टकटक आपटत होती, आणि मैनाबाई स्वतःच्याच पावलांकडे भेदरून पाहत होत्या. मग त्यांनी मान वर केली आणि गर्दीतून सुनेची नजर शोधली. त्या डोळ्यांत देवी नव्हती. एक घाबरलेली म्हातारी होती.

मैनाबाई रोज सकाळी काय गिळतात, हे ह्या घरात एकट्या हेमालीलाच ठाऊक होतं.

गेल्या वर्षी मैनाबाईंचं काहीतरी बिनसलं होतं. काय बिनसलं ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. नवरा, रामा तांडेल, अजून स्वतः बोट घेऊन समुद्रात जाणारा. लेक सुखात, मुलगा दिपेश तारापूरच्या कंपनीत कायम. कमी म्हणून कसली नव्हती. तरी ही बाई मांडवात गाऊन, हसून, लोकांची वाहवा घेऊन घरी यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. घास घशाखाली उतरेना, डोळ्याला डोळा लागेना. आणि एका दुपारी, ओहोटी असताना, ती खाडीच्या चिखलातून पाण्याच्या दिशेने चालत निघाली... मागे वळून न पाहता, बाजाराला निघाल्यासारखी शांतपणे. हेमाली बांबूंच्या वलांडीवर बोंबील टांगत होती. तिने टोपली तिथेच टाकली आणि धावली. सासू कमरेएवढ्या पाण्यात पोचली होती. तिला कवेत धरून हेमालीने मागे ओढलं आणि दोघी चिखलात बसून हमसाहमशी रडल्या. का गेलीस, असं सुनेने विचारलं नाही, आणि सासूने सांगितलं नाही.

सुक्या मासळीचं गिऱ्हाईक आहे अशी घरी थाप मारून हेमालीने त्यांना पालघरला नेलं, मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाईंकडे. गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू मैनाबाईंचं तोंड भिंतीकडून माणसांकडे वळलं, आणि एका सकाळी तांदूळ निवडता निवडता त्या आपसूक गुणगुणल्या तेव्हा हेमालीने आत जाऊन डोळे पुसले होते. पण त्या पहिल्याच दिवशी, परतताना रिक्षात, मैनाबाईंनी सुनेचा हात ओढून आपल्या गळ्यावर ठेवला होता.

"ह्या गळ्याची शपथ घे. कुनाला बोलायचं नाय. दिपेशला बी नाय, भागूला तर नायच नाय. डोक्याची गोळी खानाऱ्या बाईला मांडवात कोन बोलवील गो? आनी पूर्वीला बगायला लोक येतेत, त्यांच्या कानावर गेलं तं? मी मेल्यावर सांग कुनाला सांगायचं तं."

हेमालीने शपथ घेतली. गप्प बसण्यात काय अवघड आहे, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

अवघड पुढे आलं. तांदळाच्या डब्यात लपवलेलं गोळ्यांचं पाकीट एकदा भाग्यश्रीच्याच हाती लागलं. ती हुशार बाई. केळव्याच्या मेडिकलवाल्याला विचारून आली आणि भरल्या घरात पाकीट पुढे धरून उभी राहिली. "ह्या वेडाच्या गोळ्या ह्या घरात कोन खातंय?" मैनाबाईंचा चेहरा राखेसारखा झाला. तो चेहरा हेमालीला बघवला नाही, आणि तिच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"माज्या."

झालं! त्या एका शब्दाने तिचं ह्या घरातलं जगणं पालटलं. भाग्यश्री तिच्या हातचं पाणीसुद्धा बेताने घेऊ लागली. पूर्वीच्या हळदीला हिचा हात नको, असं तिने साखरबाईकडून परस्पर कळवलं. आळीतल्या बायका हेमालीशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागल्या, जणू तिला मराठी कळत नव्हतं. आणि दिपेश... दिपेश रागावला नाही, तेच वाईट. तो जपून बोलू लागला, घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं. मैनाबाई हे सगळं पाहायच्या. जेवताना आपल्या ताटातला माशाचा तुकडा गुपचूप सुनेच्या ताटात सरकवायच्या, आणि मान वर करायच्या नाहीत. तेवढीच त्यांची कबुली.

गेल्या आठवड्यात त्या बंदरावरच्या शेवाळावरून घसरल्या आणि मनगट मोडलं. बोईसरला हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. दुखण्याच्या गोळ्या लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "आणखी कुठलं औषध चालू आहे का?" भाग्यश्री शेजारीच उभी होती. "नाय वो, कसलंच नाय," मैनाबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी सुनेकडेही पाहिलं, विचारायचं ते बिचाऱ्यांनी विचारलं. पालघरच्या डॉक्टरीणबाईंचं बजावणं हेमालीला लख्ख आठवलं: दुसरीकडे कुठे औषध घ्याल तेव्हा ह्या गोळ्यांचं आधी सांगा, दुखण्याच्या काही कडक गोळ्या ह्यांच्यासोबत चालत नाहीत. शब्द ओठांवर आले आणि नणंदेकडे पाहून तिथेच विरले. घरी जाऊन पालघरला फोन करू, असं तिने मनाशी म्हटलं. घरी प्लास्टर बघायला माणसांची रीघ लागली, दोन दिवस गेले, आणि तो फोन राहून गेला.

काल हात फार ठणकत होता, म्हणून मैनाबाईंनी दुखण्याच्या गोळ्या कुणाला न विचारता जास्तच घेतल्या होत्या. आज सकाळपासून पोट बिघडलेलं, एका जागी बसवत नव्हतं. आणि आता हे.

"ही देवी नाय," हेमाली म्हणाली. इतक्या हळू की कुणालाच ऐकू गेलं नाही. मग बायकांना बाजूला सारत ती पुढे गेली आणि तिने सासूच्या मळवटावर हात ठेवला. कपाळ तव्यासारखं तापलं होतं. "ही देवी नाय, ताई. उठा. गाडी बोलवा, आयेला बोईसरला न्यायचं हाय."

"देवीला उठवतेस?" साखरबाईने गालांवर हात मारून घेतले. "कोप होईल गो पोरी."

"तुला काय कळतंय?" भाग्यश्री म्हणाली. "डाक्टर झालीस तू?"

"गोळ्यांनी झालंय, ताई."

"कसल्या गोळ्यांनी?"

हेमालीने सासूकडे पाहिलं. मैनाबाईंचा मोकळा डावा हात लटपटत वर आला, छातीपर्यंत आला, आणि कसाबसा गळ्यावर जाऊन टेकला. त्यांना बोलता येत नव्हतं, पण त्या काय मागत होत्या ते हेमालीला कळलं. मरणाच्या दारातही ही बाई तेच मागत होती!

"माज्या," हेमाली म्हणाली. "माज्या गोळ्या चुकून मी आयेला दिल्या."

भाग्यश्रीचा हात उठला आणि हेमालीच्या गालावर पडला. कुणी मध्ये आलं नाही.

"मारा," हेमाली म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज मात्र हलला नाही. "नंतर आनकी मारा. आदी गाडी बोलवा."

शेजारच्या निमेशचा मासळीचा टेम्पो दारातच होता. मागे बर्फाच्या पाण्यावर पोती अंथरून त्यावर मैनाबाईंना निजवलं. भाग्यश्रीने डोकं मांडीवर घेतलं आणि हेमालीला पायाशी बसवलं, त्याहून जवळ येऊ दिलं नाही. हेमालीने ती उडणारी पावलं दोन्ही हातांनी धरून ठेवली. कुंभवलीच्या नाक्यावर कंपनीच्या गणवेशातच दिपेश चढला. बहिणीने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याने एकदाच बायकोकडे पाहिलं आणि मग बोईसर येईपर्यंत तो रस्त्याकडे पाहत राहिला.

इस्पितळात एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी मैनाबाईंचं पाऊल वरच्या बाजूला दाबलं. ते किती वेळ थरथरतच राहिलं. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, ताप पाहिला.

"काय काय औषधं पोटात गेलीत?"

"दुखन्याच्या गोळ्या," भाग्यश्री म्हणाली, "आनी ह्या बाईच्या वेडाच्या."

डॉक्टर हेमालीकडे वळल्या. "किती वेळा दिल्या?"

"एकदाच. चुकून."

"एकाच गोळीने सहसा एवढं होत नाही." डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मग मला मेंदूचा ताप धरून चालावं लागेल, पाठीतून पाणी काढून तपासावं लागेल. त्यात वेळ जाईल, आणि यांची तब्येत तेवढा वेळ देईलसं दिसत नाही. नीट आठवून सांगा."

आत खाटेवर मैनाबाईंच्या दातांचा आवाज येत होता. हेमालीला वाटलं होतं, स्वतःवर घेतलं की भागेल. शपथही राहील आणि सासूही. आता त्या अर्ध्या खऱ्याने भागत नव्हतं. खोटं ती कितीही पचवील, पण औषध देणाऱ्याला खोटं सांगून माणूस कसं वाचायचं? आणि माणूसच राहिलं नाही, तर शपथ पाळायची ती कुणाच्या गळ्याची?

"डॉक्टर, मला तुमच्याशी एकटीने बोलायचंय."

पडद्याआड तिने कमरेच्या पिशवीतून दोन्ही पाकिटं काढून पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. खाडी सांगितली, पालघर सांगितलं, कित्येक महिने रोज सकाळी एक गोळी हेही सांगितलं. बोलताना तिचा हात नकळत स्वतःच्याच गळ्यावर गेला होता.

डॉक्टरांनी पाकिटं उलटून पाहिली. "बरं झालं बोललात. ह्या दोन गोळ्या एकत्र आल्या की कधी कधी असंच होतं, त्यात दुखण्याची जास्त घेतलेली. दोन्ही बंद करू, अंग शांत करायचं औषध देऊ. आता मला दिशा मिळाली."

"हे बाहेर..."

"पेशंटची गोष्ट पेशंटला विचारल्याशिवाय मी कुणाला सांगत नाही. पण बाहेर तुम्हाला काय समजतायत ते ठाऊक आहे ना?"

"समजू द्या," हेमाली म्हणाली. "आये उठू दे आदी."

ती बाहेर आली तेव्हा दिपेश भिंतीला टेकून उभा होता. तो जवळ आला, आणि त्याने विचारलं, "तू... मुद्दाम नाय ना दिल्या?"

भाग्यश्रीची थप्पड गालावर बसली होती. हे कुठे बसलं ते हेमालीला सांगता आलं नसतं. आठ वर्षांचा संसार, आणि हा प्रश्न! एक वाक्य बोलली असती तर त्याचे डोळे उघडले असते. तिने ते वाक्य गिळलं. तिला त्याचा संताप आला, सासूचाही आला, त्या शपथेचा तर तिटकारा आला. तरी तिने ते गिळलं.

"नाय," ती म्हणाली, आणि जिन्याखालच्या बाकावर जाऊन बसली.

भाग्यश्रीने वॉचमनला बजावून ठेवलं होतं, हिला आत सोडायचं नाही. रामा तांडेल अजून समुद्रात होता. हेमाली त्या बाकावरून हलली नाही. वॉर्डाची खिडकी बाकावरच उघडत होती, आणि आतलं खोकणं, भांड्यांचा आवाज, नर्सची हाक एवढ्यावरून ती सासूचा जीव मोजत राहिली. ताप उतरतोय, असं डॉक्टर जाता जाता सांगून गेल्या. पावलं थांबली, असंही सांगून गेल्या. तेव्हा ती पहिल्यांदा नळावर जाऊन पोटभर पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्ड भेटायला आलेल्या माणसांनी भरला होता. भाग्यश्रीच्या सासरचे, केळव्याचे पाहुणे आले होते, आळीतल्या बायका आल्या होत्या, साखरबाई नारळ घेऊनच आली होती. खिडकीतून नर्सचा आवाज आला, "आजी शुद्धीवर आल्यात ना नीट? घरी कुठली औषधं घेत होत्या, त्या स्वतः सांगू शकतील का?"

"ती कसलंच घेत नाय," भाग्यश्रीचा आवाज. "सुनेनं आपल्या गोळ्या दिल्या तिला. म्हनून तं हे सगळं."

हेमाली बाकावरून उठून उभी राहिली.

"हेमाली कुठं हाय?" मैनाबाईंचा घोगरा आवाज.

"तिचं नाव नको काढू, आये. भायेर बसलीय. तिला आत येऊ देनार नाय मी."

"तिनं काय सांगितलं तुमाला?"

"सांगितलं ना, चुकून दिल्या म्हनून. चुकून की काय ते देवच जाने."

हेमालीने खिडकीचा गज घट्ट धरला. ती मनात काहीच मागत नव्हती. मागायची तिची हिंमतच नव्हती. मैनाबाई आताही गप्प बसल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं, आणि सगळं आयुष्य तसंच पुढे गेलं असतं.

"गोळ्या माज्या हायत."

"आये, तू पडून राहा. तुला बरं नाय..."

"गोळ्या माज्या हायत!" आणि आता तो आवाज चढला, घोगरा, फाटका, तरी तोच, मांडवात शेवटच्या पंगतीपर्यंत पोचणारा. "मनाच्या गोळ्या. मी रोज खातंय. खाडीत जीव द्यायला गेलते मी, हिनं भायेर काढली. डाक्टरकडं हिनं नेलं. आनी मी तिला माज्या गळ्याची शपथ घालून गप केली. तुमी तिला वेडी म्हनलात आनी मी ऐकत बसले."

"आये, हळू बोल," भाग्यश्री रडवेली झाली होती. "केळव्याची मानसं हायत. पूर्वीचं लग्न..."

"हळूच बोलत आले ना इतके दिवस! त्यानंच मराया लागले. लिही गो बाय," त्या नर्सला म्हणाल्या, "माज्या नावावर लिही. आनी माज्या सुनेला आत आना."

दिपेश धावतच बाहेर आला आणि बाकापाशी येऊन थांबला. तो तिच्या पायाशी फरशीवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून लहान पोरासारखा रडला. हेमालीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. लगेच ठेवावा असं तिला वाटलं नाही.

"मला विचारायला हवं होतंस," ती एवढंच म्हणाली. "मुद्दाम दिल्या का, ते नाय. मला काय झालंय, ते. इतक्या महिन्यांत एकदा तरी."

आत गेल्यावर तिने सासूचा चांगला हात हातात घेतला. "आये, चूक माजी बी हाय. हाडांच्या डाक्टरांनी विचारलं तवा मी गप बसले."

"तुला गप कुनी केलं?" मैनाबाई म्हणाल्या, आणि सुनेचा तळवा आपल्या ओल्या गालाला लावून कितीतरी वेळ पडून राहिल्या. भाग्यश्री खाटेच्या पलीकडे उभी होती. दुसऱ्या दिवशी ती एकटीच व्याह्यांच्या घरी गेली आणि आपल्या तोंडाने सगळं सांगून आली. तिथे विहीणबाई म्हणाल्या, माझ्या आईला असं कुणी दवाखान्यात नेलं असतं तर ती आज लग्नाला आली असती. हे सांगताना भाग्यश्री हेमालीच्या दारात उभी होती आणि तिच्या हातात हळकुंडांची पिशवी होती.

"हळद तुलाच कुटायची हाय," ती म्हणाली. "माजा हात ज्या गालावर पडला... पाया पडते मी तुज्या."

हेमालीने तिला वाकू दिलं नाही. पिशवी मात्र घेतली.

पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी थोडे दिवस थांबून गोळी पुन्हा सुरू करून दिली होती. हाताला आता दुसरं, साधं औषध होतं, आणि तेही त्यांना विचारूनच.

हळदीच्या दिवशी मांडव माणसांनी फुलून गेला. पूर्वी पाटावर बसली होती, रामा तांडेल नवा सदरा घालून खांबापाशी उभा होता, आणि मैनाबाई प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून धवला गात होत्या. आवाज अजून पुरता भरला नव्हता, ओळ मध्येच दमत होती. ऐन हळद लावायच्या वेळी त्या थांबल्या. सगळ्यांनी माना वळवल्या. गोळ्यांचं पाकीट त्यांना एका हाताने उघडता येत नव्हतं.

"हेमाली," त्यांनी भर मांडवात हाक मारली, "माजी गोळी दे गो. सकाळी गडबडीत राहिली."

हेमाली तांब्या घेऊन पुढे आली. तिने पाकीट फोडून गोळी सासूच्या तळहातावर ठेवली. मैनाबाईंनी ती सर्वांदेखत तोंडात टाकली, वर पाणी प्यायल्या, आणि पदराने ओठ टिपले. मग त्यांनी सुनेचा हात धरून तिला पाटाशेजारी आपल्याजवळ खाली बसवलं.

"पुढची ओळ तू धर," त्या म्हणाल्या. "माजा दम पुरत नाय."

हेमालीने ओळ धरली.